समासातले अक्षर

देव भावाचा भुकेला आहे, हे वारकऱ्याला नव्याने सांगावे लागत नाही. लेकरू बोबडे बोलले तरी आईला कळते. ती त्याचे ऱ्हस्वदीर्घ तपासत बसत नाही. आपल्यातल्या कितीतरी माउलींनी शाळेचे तोंड न पाहता आयुष्यभर हरिपाठ म्हटला. कुठे एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले असेल, पण तेवढ्यासाठी पांडुरंगाने त्यांच्याकडे पाठ फिरवली असे कोणी म्हणणार नाही.

हे सगळे कबूल. पण मग शंका अशी येते की, भावानेच काम भागत असेल तर पैठणच्या नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीतली अक्षरे तपासण्याचा खटाटोप का केला? त्यांचा भाव कमी पडत होता काय? ही शंका थट्टेची नाही. भजनाच्या बैठकीत कोणी चुकीचा पाठ दाखवून दिला की पाच मिनिटांच्या आत कोणीतरी 'देव भावाचा भुकेला' म्हणतेच, आणि विषय तिथे संपतो. तो तिथे संपावा का, एवढेच आज पाहू.

नाथांकडे वळण्याआधी डोमगावला जाऊन येऊ. हे गाव धाराशिव जिल्ह्यात, परांडा तालुक्यात, सीना नदीच्या काठी. समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ आणि समाधी तिथे आहे. (आमच्या कल्याण स्टेशनाशी या नावाचा काही संबंध नाही, तरी कल्याण लोकलमध्ये उभ्या उभ्या दासबोध वाचणाऱ्याला गंमत वाटतेच.) समर्थ वारकरी परंपरेतले नव्हेत. तरीही त्यांच्याकडे जायचे ते अशासाठी की, कवीने सांगावे, दुसऱ्याने लिहून घ्यावे आणि लिहिलेले कवीने पुन्हा स्वतः तपासावे, या गोष्टीचा इतका जवळचा दाखला मला दुसरा ठाऊक नाही. डोमगावची दासबोधाची प्रत कल्याणस्वामींच्या हातची आहे आणि ती खुद्द समर्थांनी वाचून आपल्या हाताने दुरुस्त केलेली आहे, अशी त्या संप्रदायात मान्यता आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९०५ साली दासबोध छापला तो याच प्रतीच्या आधाराने.

ग्रंथ काही लहान नाही. वीस दशक, दोनशे समास, साडेसात हजारांहून जास्त ओव्या. समर्थ सांगत आणि कल्याण लिहीत, असे परंपरा सांगते. आणि हा कल्याण म्हणजे पोटासाठी पाने उतरून देणारा लेखक नव्हे. गुरूच्या शब्दाखातर जिवावर उदार झालेला शिष्य म्हणून त्याच्या कथा घरोघर सांगितल्या जातात. त्याच्याहून अधिक भावाने लिहून घेणारा आणायचा कुठून? तरी त्याच्या पानावर दुरुस्तीला जागा निघाली.

इथे आपली एक समजूत हलते. भाव पुरा असला की हात चुकत नाही, असे आपण उघड बोललो नाही तरी मनात धरून असतो. डोमगावची पोथी पाहता तसे काही दिसत नाही. मन गुरुचरणी असते, कान शब्दाकडे असतो आणि बोरू कागदावर असतो. तिघांची गाठ दरवेळी पडतेच असे नाही. सांगणाऱ्याचा वेग लिहिणाऱ्याच्या हाताला सापडत नाही. एकच शब्द दोन ओळींत आला की डोळा पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि मधली सगळी ओळ गळते. ब चा व होतो, अनुस्वार हरवतो, काना वाढतो. ज्याने हाताने एखादे तरी प्रकरण उतरून काढले आहे त्याला हे सांगायला नको. याला भक्तीतले न्यून म्हणता येत नाही. हा हाताचा स्वभाव आहे.

आता उलट बाजू बघा. 'माझ्या कल्याणाने एवढ्या प्रेमाने लिहिले आहे, राहू दे' असे गुरूने म्हटले नाही. पाने फाडून टाकली नाहीत, पोथी पहिल्यापासून दुसऱ्याकडून लिहून घेतली नाही. शिष्याच्याच पानावर, शिष्याच्या अक्षराशेजारी आपले अक्षर ठेवले. त्यामुळे त्या पोथीत दोन हात नांदतात. मला तरी हे एखाद्या आशीर्वादासारखे वाटते, पण ते बाजूला ठेवू. भावनेच्या भरात मुद्दा सुटायला नको.

जुन्या पोथ्या दुरुस्त कशा करत, हे थोडे सांगण्यासारखे आहे, कारण आजच्या खोडरबराच्या आणि मोबाइलच्या काळात ते विसरल्यासारखे झाले आहे. चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावत. हरताळ म्हणजे पिवळ्या रंगाचे एक खनिज. ते उगाळून अक्षरावर फासले की काळी शाई झाकली जाई आणि वाळल्यावर त्याच जागी पुन्हा लिहिता येई. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार यातूनच आला. गंमत अशी की, आज आपण तो सत्यानाश करणे या अर्थाने वापरतो. 'केल्या कामावर हरताळ फासला' असे म्हणतो तेव्हा आपल्या ध्यानातही नसते की हरताळ हा मुळात दुरुस्तीचा लेप होता. अक्षर गळले असेल तर त्या जागी काकपद काढत, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी बारीक खूण, आणि गळलेले अक्षर बाजूच्या कोऱ्या जागेत लिहीत. त्या कोऱ्या जागेला आपण समास म्हणतो. ग्रंथाच्या प्रकरणालाही समास आणि पानाच्या कडेलाही समास!

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास या लेखनक्रियेवरच आहे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे, ओळी नीट असाव्यात, सगळ्या ग्रंथाला एकच वळण असावे, असे समर्थ बारकाईने सांगतात. दोन गोष्टी मात्र विशेष. तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी उपयोगी पडत नाही, तेव्हा मध्यम अक्षर काढावे, ही एक. आणि पानाच्या भोवती जागा सोडून मधे लिहावे, म्हणजे कागद झिजून कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही, ही दुसरी. ब्रह्मज्ञान सांगणारा पुरुष कागदाच्या कडा कशा झडतात याचा विचार करतो. का करतो? देवाला ती पोथी वाचायची नसते. ती वाचणार असतो तो शंभर वर्षांनंतरचा, कधी न भेटलेला, कदाचित डोळे अधू झालेला कोणी माणूस.

मला वाटते, पहिल्या शंकेचे उत्तर इथे आहे. भाव देवाकडे जातो, अक्षर पुढच्या माणसाकडे जाते. मी चुकीचे म्हटले तर देव समजून घेईल. तो मनातले वाचतो. पण माझ्या वहीवरून उतरून घेणाऱ्या मुलाला माझे मन वाचता येत नाही, त्याच्यासमोर फक्त माझे अक्षर असते. जिभेवरची चूक त्या दिवशीच्या भजनाबरोबर विरून जाते. वहीतली चूक पिढ्यान्‌पिढ्या वारी करत राहते. देव भावाचा भुकेला आहे हे वचन देवाच्या दयेबद्दल आहे. आपण त्याचा उपयोग आपल्या आळसासाठी करतो, एवढीच तक्रार.

पोथ्या उतरणाऱ्या जुन्या लोकांना या जबाबदारीचे ओझे जाणवत असे. पुष्कळ पोथ्यांच्या शेवटी लेखक लिहून ठेवतो की, जसे समोर पाहिले तसे मी लिहिले, शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला देऊ नये. आणखी एका ठरावीक श्लोकात तो पाठ, कंबर, मान मोडल्याचे सांगून ही पोथी जतन करा म्हणून विनवतो. पहिल्या वाक्याचा मला कधी राग येतो, कधी कीव. कारण त्यात हात झटकणे आहे आणि प्रामाणिकपणाही आहे. समोरच्या प्रतीत चूक दिसली आणि आपल्या अकलेने ती बदलली, तर आपण लेखक राहत नाही. नाही बदलली, तर चूक पुढे सरकते. बिचाऱ्याने काय करावे? समर्थांच्या कल्याणाला एक सोय होती: विचारायला गुरू समोर बसलेला होता. बाकी सगळ्यांना ती नाही.

हा पेच पोथ्यांच्या काळातच राहिला असे कोणी समजू नये. डोंबिवलीतल्या एका भजनी मंडळात तो मी पाहिला. मंडळ जुने, गिरणीच्या आणि रेल्वेच्या नोकरीसाठी घाटावरून, कोकणातून आलेल्या माणसांनी चाळीत सुरू केलेले. त्यांच्यातले काही जण सकाळच्या गाडीत डब्यातही भजन करतात. टाळ पिशवीतून निघतात आणि पत्रा हाच पखवाज होतो. मंडळाची एक हातवही आहे. ती ज्यांनी लिहिली ते बुवा आता नाहीत. त्यांचा मुलगा, तोही आता साठीच्या पुढचा, वही सांभाळतो. लाल कापडात बांधून आणतो, भजन झाले की पुन्हा बांधून नेतो. त्या वहीतल्या एका अभंगात एका चरणातला 'न' गळला आहे. एक 'न' गेल्याने अर्थ नेमका उलटा होतो: संतांनी जे करू नये म्हटले ते करावे असे होते. चाल मात्र 'न' वाचून अशी काही बसली आहे की, चाळीस वर्षे कोणाला खटकले नाही.

एका तरुणाने गाथा काढून ते दाखवले. पोरगा उद्धट नव्हता, अभ्यासू होता. झाले, मंडळात दोन तट पडले. पुस्तकात आहे तसे म्हणायचे, असे एका बाजूचे म्हणणे. दुसरी बाजू म्हणे, बुवांनी याच शब्दांनी आयुष्यभर आळवणी केली, अखेरच्या दिवसांतही हाच अभंग त्यांच्या तोंडी होता, मग ते काय खोटे होते? मुलगा काहीच बोलेना. पुढच्या एकादशीला तो एवढेच म्हणाला की, दादांच्या अक्षरावर मी पेन चालवणार नाही, तुम्ही काय म्हणायचे ते म्हणा.

त्याचे दुःख समजण्यासारखे होते. त्याच्या लेखी ती वही म्हणजे अभंगांचा संग्रह नव्हता, वडिलांचा हात होता. त्यात 'न' घालणे म्हणजे वडिलांना 'तुम्ही चुकला होता' असे त्यांच्या माघारी सांगणे. माझे मत विचारले तेव्हा मी म्हटले, वडिलांच्या अक्षरावर पेन चालवू नका, हे बरोबर. पण वहीला समास आहे ना? बुवांनी कडेला दोन बोटे जागा सोडली होती, सवयीने का होईना. काकपदाची खूण काढून 'न' तिथे लिहावा, वडिलांचा शब्द जागच्या जागी राहील. त्याला ते पटले की नाही, मला सांगता येणार नाही. आता म्हणताना 'न' घालून म्हणतात, हे खरे. वहीत काही लिहिलेले मी पाहिले नाही. बुवांच्या पुण्यतिथीला तो मुलगा अभंग धरतो तेव्हा जुनाच पाठ म्हणतो आणि त्या दिवशी कोणी त्याला अडवत नाही. हे योग्य की अयोग्य, यावर मी अजून विचार करतो आहे. एकाच दिवसापुरता तो पाठ देवासाठी म्हटला जातो, शिकवण्यासाठी नाही, असे म्हणून मी स्वतःची समजूत घालतो.

तर मूळ कवी हयात नसताना दुरुस्तीचा अधिकार कोणाचा? या प्रश्नाला आपल्याकडे दोन थोर उत्तरे आहेत आणि ती एकमेकांना विरोधी दिसतात. त्यातले एक आमच्या ठाण्याचे आहे.

विनायक लक्ष्मण भावे (१८७१–१९२६) यांना 'महाराष्ट्र सारस्वत' या ग्रंथामुळे मराठी वाचक ओळखतो. ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले त्यातही त्यांचा पुढाकार होता. तुकोबांचा गाथा तोवर छापला गेला होता. १८६९ पासून सरकारी मदतीने इंदुप्रकाश छापखान्यातून निघालेल्या गाथेसाठी संपादकांनी देहू, तळेगाव, पंढरपूर, कडूस अशा ठिकाणच्या प्रती ताडून पाहिल्या होत्या. भाव्यांनी वेगळी वाट धरली. तुकोबांचे टाळकरी, चाकणचे संताजी तेली जगनाडे यांच्या हातची म्हणून मानली जाणारी वही त्यांनी घेतली आणि १९१९–२० च्या सुमारास 'तुकारामबुवांचा अस्सल गाथा' म्हणून ठाण्याहून प्रसिद्ध केली. संताजींनी जसे लिहिले तसे छापायचे, यावर त्यांचा कटाक्ष. संताजी तेलघाण्यावरचा माणूस. व्याकरण शिकायला तो कुठे बसला होता? जसे ऐकले तसे लिहिले. भाव्यांनी त्याचे ऱ्हस्वदीर्घ सुधारले नाहीत. त्या वहीलाच 'अस्सल' म्हणावे का, याबद्दल जाणत्यांत मतभेद आहेत आणि मलाही ते नाव जरा जास्तच ठाम वाटते. पण त्यामागचा संकोच मला मोलाचा वाटतो. संताजींचे लिहिलेले तुकोबांनी पाहून दुरुस्त केले, अशी डोमगावसारखी प्रत हाती नव्हती. मग संताजीचे कुठे चुकले आणि तुकोबाच तसे बोलले कुठे, हे अडीचशे वर्षांनंतर ठाण्यात बसून कोण ठरवणार?

दुसरे उत्तर नाथांचे. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये, नेवाशाला. माउली सांगत आणि सच्चिदानंदबाबा लिहीत. नाथांनी ती हाती घेतली शके १५०६ मध्ये. मध्ये २९४ वर्षे. या काळात छापखाना नव्हता. आपल्याकडे ज्ञानेश्वरी शिळाछापावर आली ती १८४५ साली, बाळशास्त्री जांभेकरांच्या हातून. तोवर सगळा कारभार हातांचा. आळंदीच्या अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, ती काढ, असे माउलींनी स्वप्नात येऊन सांगितले, ही कथा आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकली आहे. ती ऐकताना मला दरवेळी वाटते की, मुळी म्हणजे काही परके शस्त्र नव्हे. वृक्ष समाधीवर प्रेमाने सावली धरतो, आणि त्याचीच मुळी वाढत वाढत गळ्याशी येते. ग्रंथात शिरलेली पाठांतरे बहुतेक अशीच शिरली असणार. कोणी ओवी सोपी करावी म्हणून शब्द बदलला, कोणाला आपलीही एक ओवी माउलींच्या पंगतीला बसावी असे वाटले. शत्रूने कोणी बिघडवले नाही.

नाथांनी ते काढले. आणि हे करणारा माणूस कोण होता, ते पाहा. त्यांचे भागवत ११ वर्षे आधी, शके १४९५ मध्ये, काशीला पुरे झाले होते. अठरा हजारांहून जास्त ओव्यांचा ग्रंथ. ओवी रचणे त्यांना श्वासासारखे होते. एखादी ओवी अर्धवट सापडली असती तर उरलेली इतकी बेमालूम भरून काढता आली असती की, आज आपल्याला कळलेही नसते. तो मोह त्यांनी ओळखला होता. काम संपल्यावर लिहिलेल्या ओव्यांत ते बजावतात की, मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतरांनी तो बिघडला होता. आता यात जो आपली मराठी ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखे होईल. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी कवटी. हा इशारा जगाला होता की आधी स्वतःच्या लेखणीला, कोण जाणे.

इतिहासाचार्य राजवाड्यांना नाथांचे हे काम पुरते मान्य नव्हते. नाथांच्या परंपरेतल्या प्रतींत भाषा नवी झाली, जुनी रूपे गेली, असे त्यांचे म्हणणे. नाथांपूर्वीची म्हणून एक प्रत त्यांनी १९०९ साली छापली. भाषेच्या अभ्यासकाने असे म्हणावे हे रास्तच आहे. मी त्यावरून राजवाड्यांशी भांडणार नाही आणि नाथांची पोथीही खाली ठेवणार नाही. पारायणाला बसलेल्या माणसाला ओवी कळली पाहिजे, ही नाथांची काळजी होती. माउली नेमके काय बोलले ते कळले पाहिजे, ही राजवाड्यांची. दोघांनाही 'भाव आहे ना, मग चालेल' असे म्हणता आले असते. दोघांनीही ते म्हटले नाही.

आपण दरवर्षी भाद्रपद वद्य षष्ठीला ज्ञानेश्वरी जयंती करतो. ठाण्या-कल्याणकडे कितीतरी ठिकाणी त्या दिवशी पारायणाची सांगता असते, ग्रंथाची पालखी निघते, पोथीवर बुक्का-तुळशी वाहिल्या जातात. माउलींनी ग्रंथ सांगून पुरा केला ती ही तिथी नव्हे. ही ती कपिलाषष्ठी, ज्या दिवशी नाथांनी शेवटची ओवी तपासून लेखणी खाली ठेवली.